पिंगुळीचें चित्र

मिरजेस तंबोरा विकत घ्यावयास येणारीं माणसें आम्ही लहानपणापासून पाहात आलों आहों. दूरदूरच्या गांवांहून हे गवई येतात, कारागिराच्या दुकानांत तास तास मांडी घालून बसतात, एकामागून एक तंबोरा खांद्याशीं धरून छेडतात, जवारी पुन्हां पुन्हां लावून घेतात, आणि मनाजोगता नाद कानीं पडल्यावांचून जागचे उठत नाहींत. एकाच मापाचे, एकाच हातचे दोन तंबोरे कधींहि सारखे बोलत नाहींत, हें आमच्या गांवांतल्या शाळकरी पोरालाहि ठाऊक असतें. असें असून ह्याच गांवांतील आमच्या घरांत भिंतीवरचें चित्र मात्र चार पिढ्यांत कोणीं निवडून आणलें नव्हतें. जें आलें तें अहेरांत आलें, नाहींतर वाण्याच्या दिनदर्शिकेबरोबर आलें. ह्या विसंगतीकडे माझें लक्ष गेलें तें वाळवीमुळें.

आमच्या माजघरांत पूर्वेच्या भिंतीवर रविवर्म्याची लक्ष्मी होती. पणजोबांच्या काळीं ती घरांत आली; कशी, तें आतां कोणास सांगतां येत नाहीं. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) ह्यांनीं १८९४ सालीं मुंबईस शिळाछापाचा कारखाना काढला, पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस नेला, आणि त्यांतून निघालेल्या देवदेवतांच्या रंगीत छापांनीं घरेंच्या घरें भरून टाकलीं. ज्या घरांत कोणीं जन्मांत एकहि तैलचित्र पाहिलें नव्हतें, त्या घरांत लक्ष्मी-सरस्वती नांदूं लागल्या, हा त्या छापखान्याचा उपकार लहान नव्हे. त्याची थट्टा करणारांपैकीं मी नाहीं. परंतु छाप तो छाप. तीच लक्ष्मी समोरच्या वाड्यांत, तीच देवळाच्या ओवरींत, तीच सराफाच्या गल्ल्यावर. दोन पावसाळ्यांपूर्वीं आमच्या भिंतीस ओल आली, चौकटीच्या मागून वाळवी चढली, आणि एके दिवशीं चित्र उतरवून पाहतों तों कमळ, हत्ती, पदराचे कांठ सर्व जाऊन केवळ मुख आणि वरचे दोन हात शिल्लक राहिलेले. काकूंनीं तें कृष्णेंत सोडावयास लावलें. भिंतीवर एक फिकट चौकोन तेवढा मागें राहिला.

त्या चौकोनांत काय लावावें ह्यावर घरांत जी चर्चा झाली तिला महिना पुरला नाहीं. स्वतंत्र बिऱ्हाड करून राहणाऱ्या गृहस्थास चित्र आवडलें कीं त्यानें खिळा ठोकावा. त्याला विचारणारें कोण? एकत्र कुटुंबांत तसें नसतें. माजघराची भिंत कोणा एकाची नसते. तेथें सून पानें वाढतांना पाहते, मुलें अभ्यास करतांना पाहतात, म्हातारें माणूस झोंप येत नाहीं म्हणून पहांटेस पाहतें. दादांचें म्हणणें, तीच लक्ष्मी पुन्हां छापील मिळते, तीनशें रुपयांत चौकटीसह येईल. दादांचा धाकटा मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षास आहे. त्यानें मोबाइलवर बोट फिरवून अर्ध्या घटकेंत चाळीस चित्रें दाखविलीं, आणि चाळिसावें पाहतांना पहिलें कसलें होतें तें कोणासहि आठवेना. मी म्हणालों, एकदां तरी माणसाच्या हातचें, आपण स्वतः जाऊन पाहिलेलें चित्र ह्या घरांत येऊं द्या. काकू ऐकत होत्या. त्यांचें वय चौऱ्यांयशीं. घरांत शेवटचा शब्द त्यांचा. त्या म्हणाल्या, "जा आणि आणा. पण लढाईचें नको. महाभारत भिंतीवर चढलें कीं जमिनीवर उतरतें."

दादांनीं सामाइक पेटींतून एक ठराविक रक्कम काढून दिली. ती देतांना ते कांहीं बोलले नाहींत, आणि दादा बोलले नाहींत म्हणजे त्यांचें काय मत आहे तें घरांत सर्वांस कळतें.

मी, माझी पत्नी आणि तो पुतण्या असे तिघे मार्गशीर्षांत निघालों. कोल्हापूर, आजरा करून आंबोलीचा घाट उतरावयाचा. महाराष्ट्रांत सर्वांत अधिक पाऊस जेथें पडतो त्या ठिकाणांत आंबोलीची गणना होते. पण त्या सकाळीं तेथें केवळ धुकें होतें, आणि धुक्यांतून एखादें झाड पुढें येई व मागें जाई. देशावरचा कोरडा, करडा रंग घाटमाथ्यावर संपतो आणि वळणावळणानें हिरवा गडद होत जातो. खालीं उतरलों तेव्हां तांबडी माती, जांभा दगडाचे गडगे, माडांच्या राया, सगळें नुकतेंच धुऊन ठेविल्यासारखें स्वच्छ दिसत होतें.

सावंतवाडीस मोती तलाव आहे आणि त्याच्या कांठाशीं भोसल्यांचा राजवाडा. आम्ही तेथें गंजिफा पाहावयास गेलों होतों. गंजिफा म्हणजे हातानें रंगविलेले वाटोळे पत्ते. दशावतारी गंजिफेंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकीं बारा, मिळून १२० पानें. मोगल गंजिफेंत आठ रंगांचीं ९६. प्रत्येक रंगास एक राजा, एक प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंतचीं दहा पानें. बाबरानें १५२७ सालीं सिंधच्या शहा हसनाकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. म्हणजे खेळ बाहेरचा. पण येथें आल्यावर मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह हे त्याचे राजे झाले, आणि दिवसा खेळावयाचें तर रामानें आरंभ, रात्रीं खेळावयाचें तर कृष्णानें, असा शिष्टाचार ठरला. खेळणारे संपले तसे रंगविणारेहि संपत आले. १९७० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी ह्यांनीं ही कला सांवरून धरली. पुंडलिक चितारी नांवाचे एक अतिवृद्ध कारागीर तेवढे राहिले होते. राणीसाहेब त्यांच्याकडून स्वतः शिकल्या आणि मग इतरांस शिकविलें. त्या २०१८ सालीं निवर्तल्या. मुंबईचे चित्रसमीक्षक रूडॉल्फ फॉन लायडन, ज्यांनीं हुसेन-आरा ह्या पिढीच्या चित्रकारांची उमेदीच्या काळांत पाठराखण केली, त्यांनींहि ह्या पत्त्यांचा मोठा संग्रह करून त्यांवर ग्रंथ लिहिला. नव्या चित्रांचा चाहता जुन्या पत्त्यांच्याहि प्रेमांत पडतो, ह्यांत मला विसंगति दिसत नाहीं. डोळा एकच असतो.

दरबारगृहांत कारागीर मान खालीं घालून काम करीत होते. चिंचोक्याच्या खळीनें कडक केलेली चकती, दगडानें घोटून गुळगुळीत केलेली, आणि तिच्यावर दोनतीन केसांच्या कुंचल्यानें उतरणारा वामन. छत्रीची दांडी काढतांना त्या बाईंनीं श्वास रोखून धरला होता. नकळत मींहि धरला. संच फारच सुंदर होता. माझा हात खिशाकडे गेलाहि. पत्नी हळूच म्हणाली, "हे पत्ते डबींत राहावयाचे. एकशें वीस पानें आपण भिंतीवर कशीं लावणार?" कांहीं पानें एकत्र चिकटवून कांचेंत बसविलेली चौकट तेथें होती, पण हातांत खेळावयाचा पत्ता कांचेमागें बसविलेला पाहून मला पिंजऱ्यांतल्या पोपटाची आठवण झाली. आम्ही चितार आळींतून मुलांसाठीं लांकडी फळें घेतलीं (तीं इतकीं हुबेहूब कीं घरीं आल्यावर धाकट्या नातीनें पेरूस दांत लावला) आणि दुसऱ्या दिवशीं कुडाळच्या वाटेस लागलों.

कुडाळच्या अलीकडे पिंगुळी गांव आहे. राऊळ महाराजांच्या मठामुळें पुष्कळांस तें ठाऊक असतें. ह्याच गांवीं गुढीपूर नांवाची ठाकर समाजाची वस्ती आहे, आणि चित्रकथी ही त्या लोकांची परंपरागत कला. रामायण-महाभारतांतील एकेक आख्यान घ्यावयाचें, त्यांतील प्रसंग कागदावर रंगवावयाचे, त्या चित्रांची पोथी बांधावयाची, आणि रात्रीं देवळांत वीणा, टाळ व हुडूक ह्यांच्या साथीनें एकेक चित्र पुढें करीत कथा गावयाची. सोमेश्वर चालुक्याच्या 'मानसोल्लास' ह्या बाराव्या शतकांतील संस्कृत ग्रंथांत चित्रकथकाचा उल्लेख आहे, इतकी ही जात जुनी. सावंतवाडीच्या राजांनीं ह्या लोकांस आश्रय दिला. ह्या शैलीचीं जुनीं चित्रें पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत आहेत. आम्ही तीं पूर्वीं पाहिलीं होतीं, आणि खरें सांगावयाचें तर पुढच्या दालनाच्या घाईंत पाहिलीं होतीं. पिंगुळीस श्री. परशुराम गंगावणे ह्यांनीं आपल्या गुरांच्या गोठ्यांत ह्या कलांचें संग्रहालय उभें केलें. त्यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. जेथें गाई बांधीत तेथें आतां कळसूत्री बाहुल्या टांगलेल्या आहेत, चामड्याच्या छायाबाहुल्या आहेत, आणि जुन्या पोथ्यांचीं पिवळीं पडलेलीं पानें आहेत.

वस्तींतल्या एका चित्रकथ्यानें आम्हांस शेणानें सारवलेल्या अंगणांत बसविलें. त्याचें नांव येथें देत नाहीं. त्याची तशी इच्छा असेल नसेल. त्यानें समोर फळी उभी केली, तिला चित्र टेकविलें, वीणा छेडली आणि सीताशुद्धीचें आख्यान आरंभिलें. संग्रहालयांत कांचेमागें जें चित्र मला थोडें ओबडधोबड वाटलें होतें, तें येथें बोलूं लागलें. हीं चित्रें जवळून निरखण्यासाठीं काढलेलींच नाहींत; दिव्याच्या उजेडांत, दहा हात दूर बसलेल्या गांवकऱ्यांसाठीं तीं काढलेलीं आहेत. म्हणून डोळा एवढा मोठा, म्हणून रेषा एवढी जाड, म्हणून प्रत्येक मुख बाजूनें दिसणारें, कीं कोण कोणाशीं बोलतो तें लांबून कळावें. गातां गातां तो बोटानें चित्रांतील एकेका आकृतीस स्पर्श करी, आणि ज्याला स्पर्श होई तो बोलतो आहे असें वाटे. पुतण्याचा मोबाइल खिशांतून बाहेर निघाला नाहीं, ह्याची मीं मनांत नोंद केली.

कथा झाल्यावर त्यानें विक्रीचीं चित्रें पुढें ठेविलीं. सुमारें एक फूट उंच, सव्वा फूट रुंद असा कागद. रंग कोणते, म्हणून विचारलें, तर काव आणि इतर माती घरची, काळा काजळीचा, आणि निळा बाजारचा, असें त्यानें आपण होऊन सांगितलें. त्या एका प्रामाणिक शब्दानें माझा पुढचा संशय गेला.

एक प्रश्न मात्र मनांत होता. हे लोक वडिलार्जित पोथीवरून चित्रें काढतात. मग हें 'मूळ' चित्र कसें? पुतण्यानें तो मोकळेपणानें विचारलाहि. चित्रकथ्यानें उत्तर दिलें नाहीं. त्यानें एकाच प्रसंगाचीं आपल्याच हातचीं दोन चित्रें शेजारीं शेजारीं मांडलीं. लव आणि कुश ह्यांनीं यज्ञाचा घोडा धरून झाडाशीं बांधला आहे, इतकाच तो प्रसंग. दोहोंत झाड तेंच, पोरें तींच, घोडा तोच. परंतु एकांत घोडा मुलांकडे पाहतो, आणि दुसऱ्यांत मान वळवून मागें, ज्या दिशेनें आला त्या दिशेस पाहतो. तेथें कागद संपतो. सैन्य नाहीं, राम नाहीं. कोणी येणार आहे एवढें त्या घोड्याच्या डोळ्यांत आहे. मला एकदम आमच्या मिरजेचीं तंबोऱ्यांचीं दुकानें आठवलीं. एकच माप, एकच हात, आणि एक बोलतो, दुसरा बोलत नाहीं.

तें दुसरें चित्र मला सोडवेना. उठून अंगणांत एक फेरी घातली, परत आलों, पुन्हां तेंच. घरांत लावण्यास शोभेल असें दुसरें पुष्कळ होतें. गणपति होता, पंचवटी होती, आणि त्यांपैकीं कोणावरहि घरीं शब्द निघाला नसता. "ही लढाईच आहे," मी पत्नीस म्हणालों. "बाप आणि मुलगे ह्यांची. काकू काय म्हणतील?" ती बराच वेळ पाहात राहिली व म्हणाली, "लढाई पुढच्या पानावर आहे." पुतण्या म्हणाला, फोटो पाठवून काकू-आजीला विचारूं. तें मात्र मीं करूं दिलें नाहीं. हातभर चित्र तळव्याएवढें करून, त्यावर होय कीं नाहीं असें विचारणें हें चित्रावरहि अन्याय आणि काकूंवरहि. नाकारावयाचें तर त्यांनीं तें समोर धरून नाकारावें.

किंमत त्यानें सांगितली ती आमच्या घरीं दोन महिन्यांत येणाऱ्या दुधाच्या बिलाएवढी होती. मीं ती कमी करावयास सांगितलें नाहीं. भाजी घेतांना घासाघीस करणाराचा मी पक्का विरोधक नाहीं. पण ज्याचा डोळा त्या घोड्याच्या मानेंत उतरला आहे त्याच्याशीं रुपयांत हुज्जत घालणें मला जमेना. पैसे घेतल्यावर तो चित्र गुंडाळूं लागला नाहीं. म्हणाला, "बसा. गोष्ट ऐकल्याशिवाय नेऊं नका. मुकें चित्र घरांत नेऊन काय करणार?" आणि त्या दुपारीं, विकलेल्या चित्रासाठीं, त्यानें लवकुशाख्यान अर्धा तास गायिलें. मागें आपलें नांव, गांव आणि वर्ष लिहून दिलें तें मीं मागितल्यावर. त्याला तें सुचलेंहि नव्हतें.

परततांना घाट चढेपर्यंत मी अस्वस्थ होतों. सामाइक पैशानें मीं माझ्या एकट्याच्या आवडीची वस्तु घेतली होती, आणि तीहि स्पष्ट घातलेली अट अर्धीअधिक मोडून.

रात्रीं जेवणें आटोपल्यावर चित्र पाटावर ठेविलें. दादांनीं किंमत विचारली, मीं सांगितली. "बरें," इतकेंच ते म्हणाले आणि पान लावूं लागले. काकूंनीं चष्मा पुसला, चित्र दिव्याखालीं धरावयास लावलें, आणि इतक्या वेळ पाहिलें कीं मुलें पेंगूं लागलीं. "हे लहू आणि कुश," त्या म्हणाल्या. काकूंचें रामविजयाचें पारायण साठ वर्षें चुकलेलें नाहीं. श्रीधरस्वामींनीं हें आख्यान ग्रंथाच्या अखेरीस घातलें आहे. "पण रामविजयांत घोडा बांधतो तो एकटा लहू. कुश तेव्हां तेथें नव्हता." मीं चित्रकथ्याची कथा सांगूं लागलों तों त्यांनीं हातानें थांबविलें. "असूं दे. दोघे भाऊ असले कीं मागाहून दोघेहि म्हणतात, मींच बांधला." दादांनीं माझ्याकडे पाहिलें, बऱ्याच दिवसांनीं आम्ही दोघेहि हसलों. मग काकू पुन्हां चित्राकडे वळल्या, मुलांच्या पाठीवरील भाते त्यांनीं नखानें दाखविले. "बाण अजून भात्यांत आहेत," त्या म्हणाल्या. "राहूं दे घरांत. पण लक्ष्मीच्या जागीं नको. तेथें मुलींच्या ओट्या भरतात. सोप्यांत लावा, झोपाळ्यासमोर."

पुढचें सर्व दादांनीं हातीं घेतलें. ज्या वस्तूस पैसे मोजले ती फुकट जाऊं द्यावयाची नाहीं, हा त्यांचा बाणा. त्यामुळें चित्राचें भलें झालें. चौकट करणारानें चित्र थेट कांचेला चिकटवून बसविलें होतें. दादांनीं तें परत खोलावयास लावून मध्यें जाड कागदाची पट्टी घालविली, कारण पावसाळ्यांत कांचेस घाम येतो आणि रंग कांचेस धरतो. मागें साधा पुठ्ठा होता तो काढून आम्लरहित पुठ्ठा घालविला. बाहेरच्या भिंतीस ओल येते म्हणून आंतली भिंत निवडली, आणि चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांस लांकडाचे तुकडे लावून चित्र भिंतीपासून बोटभर दूर ठेविलें, कीं वारा खेळावा आणि वाळवी दिसावी. पश्चिमेच्या खिडकीचें ऊन तिसऱ्या प्रहरीं तेथें पोंचतें असें ध्यानीं आल्यावर त्यांनीं खिळा दीड हात सरकविला. लक्ष्मी गेली ती कोणाच्या हयगयीनें, ह्याविषयीं ते कधीं बोलले नाहींत. पण महिन्याच्या पहिल्या रविवारीं ते चौकट स्वतः उतरवून मागें पाहतात.

काकू संध्याकाळीं झोपाळ्यावर बसतात तेव्हां पोरें त्यांच्याभोंवतीं असतात. त्यांना त्या ही गोष्ट सांगतात, आणि घोडा बांधला येथपर्यंत आल्या कीं थांबतात.

माजघरांतला चौकोन अजून मोकळाच आहे. परवां हिशेबाची वही मिटतां मिटतां दादांनीं विचारलें, "त्या सावंतवाडीच्या पत्त्यांचें काय म्हणाला होतास? किती पानें?"